आनंद, बक्षीस आणि तलफ

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी व्यसनमुक्तीविषयीचं एक माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत आणत होते. आठच पानं. गांजा, चरस, भांग यांचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे रुग्णाच्या घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं होतं. दुसऱ्याच पानावर गाडं अडलं. गांज्यातलं मुख्य रसायन मेंदूतल्या ‘रिवॉर्ड सिस्टिम’वर काम करतं, असं मूळ वाक्य होतं. संस्थेने दिलेल्या शब्दांच्या यादीत त्यापुढे ‘बक्षीस प्रणाली’ असं लिहिलं होतं. मी तोच शब्द वापरला. पण मनाला पटत नव्हतं, म्हणून कच्चा खर्डा इंदूरला एका काकूंना वाचायला पाठवला.

या काकू म्हणजे माझ्या वर्गमित्राची आई. आम्ही दोघं जादवपूरला तुलनात्मक साहित्य शिकत होतो. वर्गात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो तेव्हापासून गांजा ओढायचा. आधी कधीमधी, मग आठवड्याला, आणि गेली दहा वर्षं रोज. काकूंनी खर्डा वाचला आणि फोन केला. “बक्षीस म्हणजे त्याला त्यात आनंद मिळतो, असंच ना गं? मग घरात आमचं काय कमी पडलं?”

मला उत्तर सुचलं नाही. कारण त्याच महिन्यात त्यांचा मुलगा मला म्हणाला होता, “मजा कधीच संपली. आता नुसता हात जातो.”

आई म्हणत होती, त्याला आनंद मिळतो. मुलगा म्हणत होता, मिळत नाही. आणि मी मध्ये बसून ‘बक्षीस’ लिहीत होते. हा शब्द तिथे आला कुठून, याचा शोध मी तेव्हा सुरू केला. दोघांच्या संमतीने हे लिहिते आहे.

शोधाची सुरुवात आमच्याच जुन्या शहरातून झाली. १८३९ साली कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम ब्रुक ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने गांज्यावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. आधुनिक औषधशास्त्रात गांज्याचा पद्धतशीर प्रवेश झाला तो या निबंधातून. ओशॉनेसींनी दोन कामं केली. पंडित आणि हकीम यांना गाठून संस्कृत आणि फारसी ग्रंथांतले उल्लेख जमवले. भारतात आधुनिक काळात शवविच्छेदन करणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक म्हणून ओळखले जाणारे मधुसूदन गुप्त त्यांच्या मदतनिसांत होते. आणि माणसांना औषध देण्याआधी त्यांनी ते प्राण्यांना देऊन पाहिलं. नेपाळी चरस दिलेल्या एका मध्यम आकाराच्या कुत्र्याचं वर्णन त्यांनी केलं आहे. तो डुलक्या घेत होता, मध्येच दचकून उठत होता, अगदी समाधानी असल्यासारखी शेपटी हलवत होता, आणि पुढे ठेवलेलं खाणं त्याने अधाशासारखं खाल्लं. काही तासांनी तो पूर्ववत झाला.

ओशॉनेसींना हवं होतं ते संधिवात, पटकी, धनुर्वात यांवरचं औषध. धनुर्वाताच्या रुग्णांचे आचके त्याने कमी होतात, असं त्यांना दिसलं. कुत्र्याची शेपटी ही त्यांच्या दृष्टीने बाजूची नोंद होती. मला मात्र ती महत्त्वाची वाटते. समाधान आणि भूक, या दोन गोष्टी एकाच प्राण्यात, एकाच वेळी, एकाच पदार्थामुळे उमटलेल्या त्यांनी पाहिल्या. या दोन गोष्टी मेंदूत कुठे भेटतात, हे कळायला दीडशे वर्षं लागायची होती. ओशॉनेसी स्वतः पुढे दुसरीकडेच वळले. भारतातलं तारायंत्राचं पहिलं जाळं त्यांनी उभारलं आणि सर ही पदवी मिळवली ती त्या कामासाठी.

त्यानंतरची मोठी नोंद १८९३-९४ ची. लंडनच्या पार्लमेंटात मद्यपानविरोधी चळवळीतले खासदार डब्ल्यू. एस. केन यांनी भारतातल्या गांज्याविषयी प्रश्न विचारला. वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत, अशी तेव्हा विलायतेत समजूत होती. सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, एकूण सदस्य सात, त्यांतले तीन भारतीय. पहिली बैठक ऑगस्ट १८९३ मध्ये कोलकात्यात झाली. आयोगाने प्रांतोप्रांती फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, व्यापारी, शेतकरी सगळे त्यात होते. अहवालाचे सात खंड झाले, पानं तीन हजारांवर.

हा अहवाल मी काही इतिहासकार म्हणून वाचला नाही. भाषांतरकार जसं वाचतो तसं, शब्दांपाशी थांबत वाचला. त्यात दोन टिपणं आहेत. एक जॉर्ज ग्रियर्सन यांचं. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणामुळे आपल्याला माहीत असलेले हेच ते ग्रियर्सन. संस्कृत आणि हिंदी साहित्यातले भांगेचे उल्लेख त्यांनी त्यात गोळा केले आहेत. दुसरं टिपण जे. एम. कॅम्पबेल यांचं. मुंबई इलाख्याचं गॅझेटियर ज्यांनी सिद्ध केलं, ते हे कॅम्पबेल. त्यांनी भांगेभोवतीच्या श्रद्धेविषयी लिहिलं. संस्कृतात भांगेला विजया म्हणतात. बंगालीत आजही तिला सिद्धी म्हणतात; विजयादशमीला ती घोटली जाते. विजय काय, सिद्धी काय, नावं अशी की हे झाड माणसाला काहीतरी मिळवूनच देणार. बक्षिसाची कल्पना या नावांतच दडलेली आहे, असं आज म्हणता येईल.

पण आयोगाचं सगळ्यात मोलाचं काम इस्पितळांच्या रजिस्टरांत आहे. १८९२ या एका वर्षात देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचं कारण गांजा किंवा त्याच्या भावंडांना चिकटवलं होतं. आयोगाने यांतलं प्रत्येक प्रकरण पुन्हा तपासलं. तेव्हा उघड झालं ते असं: रुग्णाबरोबर येणाऱ्या कागदावर वेडाचं कारण लिहिणं बंधनकारक होतं. तो कागद भरायचा पोलिसाने नाहीतर कचेरीतल्या माणसाने. रस्त्यावर सापडलेल्या, नावगाव न सांगणाऱ्या माणसाच्या वेडाचं कारण त्याला काय ठाऊक? कोणी म्हणालं, हा चिलीम ओढायचा, की रकाना भरला. इस्पितळात तीच नोंद रजिस्टरात उतरली, रजिस्टरातून वार्षिक अहवालात, आणि अहवालातून पार्लमेंटात. तपासणीनंतर निम्म्याहून कमी प्रकरणं टिकली.

एका शब्दाने किती माणसांचं काय काय ठरवलं, हे वाचताना मला माझं आठ पानांचं पत्रक आठवत होतं.

आयोगाने साक्षीदारांना विचारलेले प्रश्न आजही ताजे आहेत. सवय सहज लागते का? सुटायला कठीण जाते का? माफक सवयीचं अतिरेकात रूपांतर होण्याकडे कल असतो का? उत्तरं उलटसुलट आली. शेवटी आयोगाने ठरवलं की माफक सेवनाने शरीर, मन किंवा नीती यांची म्हणण्यासारखी हानी होत नाही, अतिरेकाने होते, पण अतिरेक करणारे थोडे. म्हणून बंदी नको. परवाने, कर आणि दुकानांवर मर्यादा असावी. दोन भारतीय सदस्यांनी आपली वेगळी मतं जोडली.

मग मेंदूचं काय? तोही पाहिला गेला. कोलकात्यात डी. डी. कनिंगहॅम या डॉक्टरांनी माकडाला महिनोन्‌महिने गांज्याचा धूर दिला आणि नंतर त्याचा मेंदू तपासला. गांज्यामुळे झालेली, दिसण्याजोगी इजा आढळली नाही. त्या काळात मेंदूला काही झालं म्हणजे तिथे काहीतरी दिसलं पाहिजे, डाग, सूज, रक्ताचा साका, अशी समजूत होती. नजरेला काहीच न दिसता एखाद्या पदार्थाने मेंदूची पारडी हलवावीत, हे मांडायला तेव्हा भाषाच नव्हती. सवय सुटते का, हा प्रश्न आयोगाकडे होता. ती का सुटत नाही, हे शोधायचं साधन नव्हतं.

ते साधन हाती आलं एका चुकीतून. १९५४ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून विजेचा सौम्य झटका देत होते. एका उंदराच्या बाबतीत तार ठरलेल्या जागी न जाता बाजूला सरकली. टेबलाच्या ज्या कोपऱ्यात झटका मिळाला, त्या कोपऱ्याकडे तो उंदीर पुन्हा पुन्हा जाऊ लागला. मग त्यांनी उंदरांपुढे दांडी ठेवली. दाबली की झटका. उंदीर ती तासाला शेकडो वेळा दाबू लागले. पुढच्या प्रयोगांत हा आकडा हजारांत गेला.

‘रिवॉर्ड’ हा शब्द प्राण्यांच्या प्रयोगशाळेत त्याआधीपासून होता. तिथे त्याचा अर्थ अगदी कोरडा आहे: ज्याच्यामुळे प्राणी तीच कृती पुन्हा करतो ते. त्याला आत काय वाटतं, याविषयी तो शब्द काहीच बोलत नाही. पण दोन वर्षांनी ओल्ड्स यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी लेख लिहिला तेव्हा मथळ्यात या जागांना मेंदूतली सुखकेंद्रं म्हटलं. इथे गल्लत झाली. पुन्हा पुन्हा करणं आणि सुख होणं या दोन गोष्टी एका शब्दात बांधल्या गेल्या. काकूंच्या फोनमधला प्रश्न मला या मथळ्यापाशी सापडला. उंदीर दांडी सोडत नाही, म्हणजे त्याला सुखच होत असणार. मुलगा चिलीम सोडत नाही, म्हणजे त्याला आनंदच मिळत असणार.

गांजा या कथेत परत येतो तो इस्राएलमधून. बल्गेरियात जन्मलेले राफाएल मेशुलम तेव्हा रेहोव्होतच्या वाइझमन संस्थेत तरुण रसायनशास्त्रज्ञ होते. अफूतलं मॉर्फिन, कोकातलं कोकेन शंभर वर्षांपूर्वीच वेगळं झालं होतं. गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य मात्र कोणी शुद्ध स्वरूपात हाती घेतलं नव्हतं. मेशुलम यांनी पोलिसांकडून पकडलेला पाच किलो लेबनानी हशीश मिळवला आणि तो पिशवीत घालून बसने प्रयोगशाळेत आणला. १९६४ साली येहिएल गाओनी यांच्याबरोबर त्यांनी ते द्रव्य वेगळं करून त्याची रचना सांगितली. त्याला आपण टीएचसी म्हणतो.

टीएचसी मेंदूत नेमकं कुठे बसतं, याचं उत्तर आणखी चोवीस वर्षांनी मिळालं. १९८८ मध्ये अमेरिकेत सेंट लुइस इथे ॲलिन हाउलेट आणि त्यांचे विद्यार्थी विल्यम डेव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत त्यासाठीचा रिसेप्टर असल्याचं दाखवलं. १९९० मध्ये लिसा मात्सुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं जनुक शोधलं. त्याला सीबी-१ हे नाव पडलं. मेंदूत असे रिसेप्टर भरपूर आहेत. हालचाल, स्मरण, ओढ यांच्या भागांत ते दाटीने असतात. श्वास चालू ठेवणाऱ्या भागात विरळ. अफूच्या मात्रेने श्वास थांबून माणूस दगावतो तसा गांज्याने सहसा दगावत नाही, त्याचं कारण हेच.

आता प्रश्न पडला की माणसाच्या मेंदूत एका झुडपासाठी कुलूप कशाला? त्याची किल्ली मेंदूतच कुठेतरी बनत असली पाहिजे. डेव्हेन जेरुसलेमला मेशुलम यांच्याकडे आले. चेकोस्लोव्हाकियाहून लुमिर हानुश आले. त्यांनी डुकराच्या मेंदूतून ती किल्ली काढली. १९९२ च्या डिसेंबरात शोध प्रसिद्ध झाला. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा डेव्हेन यांनी, त्यांना संस्कृतची आवड होती म्हणून, ‘आनंद’ उचलला आणि त्याला रसायनाचं शेपूट लावलं: आनंदामाइड.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भाषांतरकाराचा एक बाळबोध अभिमान वाटला होता. आपला शब्द थेट मेंदूत जाऊन बसला! तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचं गणित मांडलं आहे. माणसाच्या आनंदापासून सुरू करून प्रत्येक पायरीवर शंभरपट. इतक्या मोठ्या शब्दाची एका अणुरेणूंच्या साखळीला भेट. पण आनंदामाइड मेंदूत काय करतं ते वाचत गेले, तसा अभिमान ओसरला. नाव जुळत नव्हतं.

चेतापेशींमध्ये निरोप सहसा एकाच दिशेने जातो. एक पेशी रसायन सोडते, दुसरी ते घेते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या दोन आणि जपानमधल्या एका प्रयोगशाळेने दाखवलं की मेंदूची ही घरगुती द्रव्यं उलट दिशेने काम करतात. घेणारी पेशी ती गरजेपुरती तयार करते, देणाऱ्या पेशीकडे पाठवते, आणि देणारी पेशी हात आवरता घेते. पंगतीत वाढपी आग्रह करतो तेव्हा आपण पानावर हात आडवा धरतो, तसंच हे. पुरे. दुसऱ्याच क्षणी हात बाजूला होतो, कारण ही द्रव्यं लगेच मोडून टाकली जातात. म्हणजे आनंदाचं नाव मिळालेलं हे रसायन मुळात ‘पुरे’ म्हणायच्या कामातलं आहे.

टीएचसी लगेच मोडत नाही. एकेका पानावर गरजेपुरता हात धरण्याऐवजी ते सगळ्या पंगतीवर तासन्‌तास हात धरून राहतं. आता मेंदूतल्या या पंगतीत काही वाढपी असे आहेत, की ज्यांचं काम लगाम धरण्याचं. मध्यमेंदूतल्या ज्या पेशी पुढे न्यूक्लियस ॲकम्बन्स नावाच्या भागात डोपामिन सोडतात, त्यांना आवरून धरणारे हे वाढपी. टीएचसी त्यांनाही गप्प करतं. लगाम ढिला पडतो आणि डोपामिन वाढतं. १९९७ मध्ये इटलीतल्या काल्यारी इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की उंदरांत टीएचसी आणि हेरॉइन या दोन्हींमुळे त्याच भागात डोपामिन चढतं. माणसांत ही वाढ माफक असते, कोकेनने होते तशी प्रचंड नसते. पण जागा तीच.

तर मग डोपामिन म्हणजे तरी आनंद का? बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही तसं वाटत होतं. १९९० च्या दशकात दोन दिशांनी ही समजूत ढासळली. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्स माकडांना फळांच्या रसाचे थेंब देत होते. रस अवचित मिळाला की डोपामिनच्या पेशी जोराने पेटत. रसाआधी दिवा लागायचा, हे माकडाला कळल्यावर त्या पेशी दिव्यालाच पेटू लागल्या. रसाला त्यांचा प्रतिसाद उरला नाही. दिवा लागून रस आलाच नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंदावत. म्हणजे डोपामिन सुखाचं माप सांगत नव्हतं. ‘वाटलं त्याहून जास्त’ किंवा ‘वाटलं त्याहून कमी’ एवढंच सांगत होतं, आणि पुढच्या वेळी कुठे धावायचं ते शिकवत होतं.

अमेरिकेत मिशिगनला केंट बेरिज यांनी दुसरी गोष्ट दाखवली. उंदराच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ काढून टाकलं, तर तो अन्नाकडे जात नाही, समोर असलं तरी उपाशी राहतो. पण त्याच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं, तर तो पहिल्यासारख्याच मिटक्या मारतो. आवड शाबूत, ओढ गेलेली. बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ मध्ये व्यसनाचा सिद्धान्त मांडला तो याच्या उलट बाजूने: व्यसनात ओढ वाढत जाते, आवड वाढत नाही, उलट घटूही शकते.

मी इथे वाचायची थांबले आणि वर्गमित्राला फोन लावला. त्याचं वाक्य त्याला परत वाचून दाखवलं. मजा संपली, हात जातो. तो म्हणाला, “हे शोधायला त्यांना उंदीर लागले?”

रोजच्या सेवनाने आणखी एक गोष्ट होते. पंगतीवर कायम हात धरलेला असला की मेंदू ते मनावर घेतो. सीबी-१ रिसेप्टर कमी करत नेतो. २०१२ मध्ये अमेरिकेत रोज गांजा ओढणाऱ्यांचे मेंदू तपासले तेव्हा मेंदूच्या बाह्यस्तरात हे रिसेप्टर सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. २०१४ मध्ये नोरा व्होल्को यांच्या गटाने दाखवलं की गांज्याच्या आहारी गेलेल्यांना डोपामिन वाढवणारं औषध दिलं, तर त्यांचा प्रतिसाद इतरांपेक्षा मंद असतो, आणि चिडचिड, उदासी जास्त. मंदपणा आधीचा की नंतरचा, हे एका पाहणीतून सुटत नाही. पण गांज्यामुळे घरातलं जेवण, गाणं, गप्पा फिक्या पडतात ही गोष्ट घरोघरच्या लोकांना माहीत आहे, आणि ती या चित्राशी जुळते.

२०१२ च्याच अभ्यासात एक दिलासा होता. देखरेखीखाली सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर ते रिसेप्टर जवळजवळ पूर्ववत झाले. कनिंगहॅमना माकडाच्या मेंदूत काही दिसलं नाही, त्याचाही अर्थ इथे लागतो. इजा नव्हती. बदल होता, आणि तो परतणारा होता.

हे कुलूप अजिबात लावूनच टाकलं तर काय, याचाही एक धडा आहे. सीबी-१ बंद करणारं रिमोनाबंट नावाचं औषध २००६ मध्ये युरोपात वजन कमी करण्यासाठी मंजूर झालं. ओशॉनेसींचा कुत्रा अधाशासारखा जेवला होता. या औषधाने लोकांची भूक खरंच मावळली. पण त्याबरोबर काहींचा जगण्यातला रसही मावळला. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांच्या नोंदींमुळे २००८ मध्ये ते मागे घेतलं गेलं.

गांजा वापरणारा प्रत्येक जण या वाटेने जात नाही, हेही सांगायला हवं. आयोगाचं निरीक्षण त्या अर्थाने पोकळ नव्हतं. १९९४ च्या एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासानुसार कधी ना कधी गांजा वापरलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक त्याच्यावर अवलंबून झाले होते. पोरवयात सुरुवात केली तर धोका वाढतो. आणि आयोगाच्या काळाशी तुलना करताना मालही तोच धरून चालत नाही. एकट्या अमेरिकेत जप्त झालेल्या गांज्यातलं टीएचसी १९९५ मधल्या सुमारे ४ टक्क्यांवरून २०१४ पर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा आणि चरस गुन्ह्यात टाकले, पानाची भांग बाहेर ठेवली. कायद्याला पान आणि फूल वेगळं दिसतं. रिसेप्टरला फक्त मात्रा कळते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३.१ कोटी भारतीय आढळले. त्यांतल्या सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. माझं पत्रक या ७२ लाखांतल्या मराठी घरांसाठी होतं.

आता परत शब्दाकडे. या सगळ्यानंतर ‘बक्षीस’ मला लिहवेना. बक्षीस काहीतरी करून दाखवल्यावर मिळतं. ते मिळालं की घरी आणून सगळ्यांना दाखवतात. मग आपल्या भाषांत काय आहे? बंगालीत नेशा. तो गांज्याचाही असतो आणि पुस्तकांचाही. हिंदीत लत, जी पडते. मराठीत आपण व्यसन म्हणतो. संस्कृतात व्यसन म्हणजे आधी संकट. कौटिल्याने राज्यावरच्या व्यसनांचं एक पूर्ण अधिकरण लिहिलं आहे, त्यात पूर, दुष्काळ, आग यांबरोबर राजाचं द्यूत आणि मद्यही येतं. माणसाला त्याच्या हितापासून लांब फेकतं ते व्यसन, अशी तो शब्दाची फोड करतो. त्यात सुखाचा उल्लेख नाही. फेकलं जाण्याचा आहे.

आणि घरगुती मराठीत तर भांडार आहे. नाद लागतो, चटक लागते, तलफ येते. नाद, चटक, तलफ, यांतला एकही शब्द म्हणत नाही की त्या माणसाला मजा येते आहे. येते ती तलफ. माणूस नुसता तिच्या पुढ्यात असतो. बेरिज ज्याला आवडीपासून वेगळं काढायला दहा वर्षं खपले, ते आपल्याकडे पानतंबाखूच्या दुकानापाशी कोणीही रोज बोलतं.

मी दुसरं पान पुन्हा लिहिलं: मेंदूत ओढ लावणारी एक यंत्रणा असते. काय मिळवायला परत जायचं, हे ती शिकते. गांज्यामुळे ती चुकीचं शिकते. मग मजा कमी झाली तरी तलफ येत राहते. घरात काही कमी आहे म्हणून असं होत नाही. बंद केल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप लागणार नाही, जेवण जाणार नाही; ते वेड नव्हे. चार आठवडे धीर धरा.

काकूंना ते फोनवर वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, आमच्या मामंजींचं तंबाखूचं अगदी असंच. चव लागत नाही, चव लागत नाही म्हणायचे, आणि दिवसभर चंची शोधत फिरायचे. त्यांना कोणी नाही विचारलं, घरात काय कमी पडलं म्हणून.”

संस्थेकडून छापील पत्रक आलं. यादीशी सुसंगत राहावं म्हणून दुसऱ्या पानावर ‘बक्षीस प्रणाली’ परत आली होती. बाकीची वाक्यं राहू दिली होती. काकूंना पाठवलेल्या प्रतीत मी तो शब्द पेनाने खोडला आणि वर ‘ओढ’ लिहिलं. त्यांनी ती प्रत फडताळात, औषधांच्या डब्याखाली ठेवली आहे. वर्गमित्राने तेव्हापासून दोनदा सोडून पाहिलं. पहिल्यांदा अकरा दिवस टिकला. दुसऱ्यांदा चार आठवड्यांच्या पुढे गेला, आणि अजून जातो आहे.